कानात घातलंय, ऐकू येतंय

मराठी घरात आवाज बंद करायचं पहिलं यंत्र रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवलेलं मिळायचं. वर्तमानपत्र. कर्त्या पुरुषाने ते दोन्ही हातांनी उघडून तोंडासमोर धरलं, की सिलिंडर संपल्याची, मोरी तुंबल्याची आणि धाकट्याला गणितात किती पडले याची बातमी त्या कागदावर आपटून परत फिरायची. यंत्राला चार्जिंग लागत नसे. महिनाअखेर ते रद्दीत घालून थोडे पैसेही परत मिळत. शिवाय त्यात एक खास सोय होती : ठरावीक अंतराने आतून आपोआप ‘हं’ असा आवाज यायचा. बोलणाऱ्या बाईला वाटायचं, जोडणी शाबूत आहे.

बायकांच्या वाट्याला असलं यंत्र आलं नाही. माझ्या आजीकडे जपमाळ होती आणि ती जपाला बसली की तिच्याशी बोलायचं नाही, असा घरात दंडक होता. पण दंडक एकाच बाजूने चालायचा. ओठ रामनामात आणि कान घरभर. दूध वर यायला लागलं की आजीचा मोकळा हात स्वयंपाकघराकडे वळायचा, ‘हुं, हुं’ असा इशारा व्हायचा आणि मणी पुढे सरकायचा. हल्ली इअरबड्समध्ये ट्रान्सपरन्सी मोड नावाची सोय असते; कानात यंत्र आहे, तरी बाहेरचं सगळं ऐकू येतं. आजीकडे ती उपजत होती. नव्हती ती बाहेरचं बंद करायची कळ.

ती कळ आता दीड-दोन हजारांत मिळते, म्हणून तिची नीट परीक्षा घ्यायचं मी मनावर घेतलं. इअरबड्सची परीक्षा घेणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण ते करणारे बहुतेक सगळे विशी-पंचविशीतले मुलगे दिसतात. भिंतीवर निळा दिवा लावून, टेबलफॅन चालू करून ते बड्स कानात घालतात आणि म्हणतात, ‘आवाज बऱ्यापैकी कमी झाला.’ होणारच. त्या खोलीत त्यांना कोणी हाक मारत नाही. हाका ज्यांना मारतात ती त्यांची आई बाहेर स्वयंपाकघरात असते, आणि आवाज होऊ नये म्हणून मिक्सर लावायची थांबलेली असते. तिच्या बाजूने परीक्षा कोणी घेतली नव्हती.

बाजारात शिरल्यावर पहिला धक्का किमतीचा बसतो, पण उलट्या दिशेने. ॲपलचे आवाज मारणारे एअरपॉड्स प्रो २०१९ साली भारतात आले तेव्हा त्यांची किंमत २४,९०० रुपये होती. तेवढ्यात आमच्याकडे फ्रिज येतो, आणि तो भाजी गार ठेवून वर स्वतःचा आवाजही करतो. आता बोट, नॉइज, बोल्ट, रिअलमी, वनप्लस, सीएमएफ अशा नावांच्या जोड्या दीड ते तीन हजारांत मिळतात. आवाज बंद करायचं यंत्र विकणाऱ्या कंपनीचं नाव नॉइज असावं, यात कोणाला काही वावगं वाटत नाही. एका जोडीची छापील किंमत ५,९९० रुपये. तिच्यावर काट मारलेली. खाली ठळक अक्षरांत १,७९९. ती खोडलेली किंमत आजवर कोणी दिल्याचं ऐकिवात नाही, पण ती छापावीच लागते. कारण आमच्या घरात १,७९९ रुपये खर्च करायला परवानगी लागते आणि ४,१९१ रुपये वाचवायला लागत नाही.

प्रत्येक घरात या विषयातला एक तज्ज्ञ असतो. आमच्याकडे माझा भाचा आहे. तो पुण्याला इंजिनीअरिंगला आहे आणि परीक्षेचा विषय सोडून बाकी सगळ्या विषयांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. तो म्हणाला, “मावशी, खोक्यावर एएनसी लिहिलेलं असेल तरच घे. ईएनसी असेल तर हातसुद्धा लावू नकोस.”

हा सल्ला येईपर्यंत माझ्या नवऱ्याने वाढदिवसाची भेट म्हणून ईएनसीवाले बड्स आणून ठेवले होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ईएनसी, आणि त्याखाली डोळे मिटून बसलेली एक प्रसन्न बाई. दोन्ही अक्षरसमूहांत ‘आवाज’ आणि ‘बंद’ आहे, मग फरक काय, असं त्याचं म्हणणं. फरक असा : एएनसी (ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) हा बड्स घालणाऱ्याच्या कानासाठी असतो. ईएनसी (एन्व्हायर्नमेंटल नॉइज कॅन्सलेशन) हा फोनवरून समोरच्याला जाणाऱ्या आवाजासाठी असतो. तुमच्या मागे कुकर, टीव्ही, सासरे असं जे काही चालू आहे, ते समोरच्याच्या कानात कमी जावं म्हणून. तुमच्या स्वतःच्या कानात कुकर, टीव्ही आणि सासरे जसेच्या तसे. म्हणजे वाढदिवस माझा, भेट मला, आणि शांतता मिळाली आमच्या ऑफिसातल्या साहेबांना.

त्यातही स्वस्तातला ईएनसी हाताला जरा जड असतो. गोंगाट कुठला आणि माणूस कुठला हे त्याला चिप ठरवून देते, आणि चिपला घाई असते. मी हळू बोलले की ती मलाच गोंगाट समजून छाटायची. फोनवर साहेबांना माझ्या वाक्यांच्या सुरुवाती आणि शेवट मिळायचे. मधलं क्रियापद गळून पडायचं. ‘आज रिपोर्ट... नाही’ एवढंच पलीकडे पोचलं. पाठवत नाही, की पाठवायला विसरणार नाही, हे त्यांनी त्यांच्या मनाने भरून घेतलं. ते बड्स आता नवरा वापरतो. त्याच्या बोलण्यातलं थोडं गळलं तरी अर्थ बदलत नाही.

आवाज मारायची कल्पना मात्र काल-परवाची नाही. पाउल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञाने तिच्या पेटंटसाठी १९३३ साली अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्याला अमेरिकेतलं पेटंटही मिळालं. आवाज म्हणजे हवेतली लाट. तिची हुबेहूब उलटी लाट तयार करायची, पहिलीला जिथे उंचवटा तिथे दुसरीला खळगा, आणि दोघींची गाठ घालून द्यायची. दोघी एकमेकींना संपवतात आणि मागे काही उरत नाही. कागदावर सगळं जमलं होतं, पण इतक्या चपळाईने उलटी लाट रचणारी यंत्रणा त्या काळात नव्हती. मग १९७८ साली अमर बोस झुरिकहून बॉस्टनला जाणाऱ्या विमानात बसले. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका क्रांतिकारकाचे हे चिरंजीव एमआयटीत प्राध्यापक होते आणि बोस कंपनीचे संस्थापक. विमानात मिळालेले हेडफोन त्यांनी कानाला लावले, आणि इंजिनाच्या घरघरीने गाण्याचा पार विचका केला. दुसरा कोणी असता तर हवाईसुंदरीकडे कुरकुर करून झोपला असता. बोसांनी कागद काढला आणि बॉस्टन यायच्या आत गणित मांडलं. ते गणित प्रत्यक्षात उतरून वैमानिकांच्या कानावर चढायला १९८९ साल उजाडलं, आणि तुमच्या-आमच्यासाठी दुकानात यायला २०००.

इथेच गोम आहे. या यंत्राची कुंडली विमानात मांडली गेली. ज्या आवाजावर उपाय शोधला, तो इंजिनाचा होता : खालच्या पट्टीतला, एकसुरी, तासन्‌तास न बदलणारा, आणि कोणाकडूनही उत्तराची अपेक्षा न ठेवणारा. बोसांच्या शेजारच्या खुर्चीवरून कोणी दर पाच मिनिटांनी ‘अहो, माझा निळा शर्ट कुठे ठेवलात?’ असं विचारलं असतं, तर संशोधन वेगळ्याच दिशेला गेलं असतं.

यातलं शास्त्र स्वयंपाकघरात उभं राहून सांगते. फ्रिजची घरघर १०० हर्ट्झची धरली तर तिची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. आमच्या स्वयंपाकघरात ती पुरती मावतही नाही. अशी ऐसपैस लाट निघाली की बड्समधल्या मायक्रोफोनला ती टिपायला आणि चिपला तिची उलटी बहीण रचायला पुरेसा अवधी मिळतो. पण ३,००० हर्ट्झचा तीक्ष्ण आवाज आला की लाट उरते जेमतेम ११ सेंटीमीटरची. चिपची जुळवाजुळव होईपर्यंत ती कानात शिरून तिच्या मागच्या दोघी-तिघीही आत पोचलेल्या असतात. म्हणून साधारण हजार हर्ट्झच्या वर विजेची हुशारी हात टेकते. तिथून पुढची सगळी मदार टोकाला बसवलेल्या सिलिकॉनच्या बोंडावर.

खोक्यावरच्या डेसिबलांचं कोडंही यामुळे सुटतं. ३० डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा हजारावा भाग उरली. आकडा खोटा नसतो. पण तो निवडलेल्या पट्टीतला, निवडलेल्या दिवसाचा आकडा असतो. साऱ्या प्रगतिपुस्तकातले फक्त चित्रकलेचे गुण सांगावेत तसा.

शेवटी भाच्याचं ऐकून १,७९९ रुपयांचे एएनसीवाले बड्स आणले. पहिली चाचणी सकाळी, कामाच्या ऐन वेळी घेतली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या सरकारी नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि नियमातला दिवस सहाला उजाडतो. आमच्या घराचा दिवसभराचा कोटा साडेसहाला संपतो. बड्स घातले, एएनसी चालू केला, आणि खरं सांगते, थक्क झाले. फ्रिज गेला. चिमणी गेली. बाल्कनीतलं वॉशिंग मशीन नुसतं थरथरताना दिसत होतं. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा माझा काही संबंध उरला नव्हता. इतकी वर्षं आपण केवढ्या घरघरीत उभं राहून पोळ्या लाटतो, हे ती थांबल्यावर कळलं.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ती वाटेत कुठेही न थांबता आली. दाराची घंटा आली. कचरा न्यायला आलेल्या ताईंची हाक आली. मिक्सरचं थोडं वेगळं झालं. त्याचा तळातला घुमारा गेला आणि वरची किरकिर राहिली. शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं ड्रिल म्हणाल, तर त्याच्यासाठी अमर बोसांना विमानाच्या आणखी काही फेऱ्या माराव्या लागल्या असत्या. आणि मग आल्या सासूबाई.

माणसाच्या बोलण्यातला भारदस्तपणा खालच्या पट्टीत असतो, पण शब्द ओळखू येतात ते बरेचसे वरच्या पट्टीतल्या व्यंजनांवरून. आमच्या चिमणीने वर्षानुवर्षं ही व्यंजनं झाकून धरली होती. एएनसीने चिमणी पुसली आणि सासूबाईंचं एकेक व्यंजन घासूनपुसून लख्ख होऊन माझ्यापुढे आलं. ‘त’ निराळा, ‘ट’ निराळा, ‘खोबरं’मधलं ‘ख’ तर असं, की पुढे टोमणा आहे हे आधीच कळावं. आजवर चिमणीखाली उभं राहून ‘काय म्हणालात आई? ऐकू आलं नाही’ असं म्हणायची सोय होती आणि ते खरंही असायचं. १,७९९ रुपये मोजून मी ती सोय घालवली.

बसणं हा या यंत्राचा अर्धा गुण आहे, आणि खोक्यावर त्याबद्दल अक्षर नसतं. लहान, मध्यम आणि मोठी अशी बोंडं येतात. कंपनीने मध्यम आधीच चढवून दिलेली असतात आणि बहुतेक माणसं तीच घालून जन्म काढतात. डाव्या आणि उजव्या कानाचं भोक वेगळ्या मापाचं असू शकतं, हे मी कान टोचताना ऐकलं नव्हतं. बड्स घेतल्यावर कळलं. बोंड सैल बसलं की एएनसीचं सगळं गणित बाजूच्या फटीतून वाहून जातं. घट्ट बसलं की वेगळाच प्रकार सुरू होतो : बाहेरचं जग बंद आणि आतलं चालू. स्वतःचं बोलणं कवटीत घुमतं. अशा अवस्थेत चकली खाऊन बघा. शेजारच्या ड्रिलबद्दल तक्रार करायचा नैतिक अधिकार राहत नाही.

स्पर्शाने चालणारी कळ कोणी बेतली असेल ते असो. बेतणाऱ्याला लांब केस नव्हते एवढं नक्की. बट कानामागे सारली की गाणं थांबतं. पदर खोचताना मनगट लागलं की एएनसी बंद. मोठी झुमकी घातली तर ती येता-जाता बडला टिचक्या मारते आणि यंत्र तिच्या आज्ञा पाळतं. एका हळदीकुंकवाला माझ्या कानातल्याने परस्पर नणंदेला फोन लावला होता, आणि ती पलीकडून बराच वेळ उखाणे ऐकत होती.

पाण्यापासून संरक्षण असतं, पण ते नीट वाचावं लागतं. आयपीएक्स४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील. आयपीएक्स५ म्हणजे पाण्याची धारही चालेल. मधला एक्स कशासाठी? तिथे खरं म्हणजे धुळीपासूनच्या संरक्षणाचा आकडा यायला हवा; एक्स म्हणजे ती परीक्षा घेतलेलीच नाही. घामाची काळजी घेणाऱ्या कंपनीने कणकेची घेतलेली नाही. यंत्र कोणाच्या व्यायामासाठी बनवलं आणि कोणाच्या नाही, हे त्या एका फुलीवरून कळतं.

दुसरी चाचणी लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात. इथे एएनसी शोभून दिसतो, कारण विमानाला सगळ्यात जवळचं वाहन आमच्या आटोक्यात हेच आहे. मोटारींचा घों गेला, पंख्यांची घरघर गेली, रुळांचा धडधडाट निम्म्यावर आला. याचा एक खरा फायदा आहे आणि तो विनोद सोडून सांगते. गोंगाटावर मात करायला आपण गाणं मोठं करत जातो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगते. घरघर आधीच कापली गेली तर गाणं लहान आवाजात भागतं आणि कान निवृत्तीपर्यंत टिकायची शक्यता वाढते. पण फलाटावर आणि रस्त्यात निदान एक कान मोकळा ठेवा. मागून येणाऱ्या गाडीने घों केलेलंच पहिल्यांदा गायब होतं.

घरघर वजा केल्यावर डब्यात काय उरतं, हे मात्र ऐकण्यासारखं असतं. चौथ्या सीटवरून चाललेलं भांडण आता मला स्टुडिओत मुद्रित केल्यासारखं ऐकू येतं. क्लिपा आणि कानातली विकणारीची आरोळी, ‘पुढील स्टेशन घाटकोपर’, आणि दारापाशी उभी असलेली कोणी एक जण आपल्या जावेबद्दल जे सांगते ते. पूर्वी या कथेचा निम्मा भाग मोटार खायची. आता शेवटपर्यंत कळतो. गाणं मी बंदच करून टाकलं. बड्स मात्र ठेवले. ते कानात असले की माणसं तुमच्या समोर मोकळेपणी बोलतात. ‘कुठे उतरणार?’ हा बायकांच्या डब्यातला सनातन प्रश्नही आता गुडघ्याला बोट लावून, भुवया उडवून विचारला जातो. उत्तर हाताने द्यायचं. दादरला बोटं दाराकडे, सीएसएमटीला तळहात आडवा, म्हणजे आशा सोडा.

बड पडण्याची भीती सगळ्यांना असते आणि ती रास्त आहे. टोकियोत २०२० साली जुलै ते सप्टेंबर या काळात जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीच्या ७८ स्थानकांवर बिनवायरीचे इअरफोन रुळांत पडल्याच्या सुमारे ९५० नोंदी झाल्या. खडीतून ते उचलता यावेत म्हणून कंपनीने पॅनासॉनिकच्या मदतीने खास व्हॅक्यूम क्लीनर तयार केला. आमच्याकडे फलाट आणि गाडीच्या फटीत बड पडला, तर तो तिथल्या उंदरांच्या नावे करून पुढे जायचं असतं. त्यांना शांततेची गरज आपल्यापेक्षा जास्तच असणार.

आता ज्या निष्कर्षासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे येते. स्वस्तातला एएनसी माणसाचा आवाज मारत नाही. हे मला माहीत आहे, भाच्याला माहीत आहे, आता तुम्हालाही माहीत झालं. आमच्या घरात ते कोणाला माहीत नाही.

घरच्यांची ठाम समजूत आहे, की कानात बड्स म्हणजे बाई गेली. पहिल्यांदा नवऱ्याला सांडशी हवी होती. त्याने सवयीने “अगं, सांडशी कुठाय?” असं विचारलं. तो प्रश्न मला इतका स्वच्छ ऐकू आला, की त्यातला अनुस्वारही मोजता आला असता. मी भेंडी चिरत राहिले. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मग लेकीचा आवाज आला, “बाबा, आईच्या कानात बड्स आहेत.” यावर एक खण उघडल्याचा आवाज, मग दुसरा, मग काहीतरी खाली पडल्याचा. आणि मग शोध लागलेल्या माणसाचा हुंकार. सांडशी ओट्यावर, गॅसच्या शेजारी, लग्नापासून जिथे असते तिथेच होती.

त्यानंतर घरात एक मूक क्रांती सुरू झाली. लेकीने डब्याचं झाकण स्वतः शोधलं. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चाचपून पाहिला आणि तो तिथेच निघाला. लाइट बिल भरलं का, पाहुणे जेवायला आहेत का, निळा शर्ट धुतलाय का, या प्रश्नांना माणसं आपापली उत्तरं शोधायला लागली आणि बहुतेक वेळा ती सापडायला लागली. मग लक्षात आलं, की आमच्या घरातल्या डेसिबलांपैकी बरेचसे प्रश्नार्थक होते. ते सगळे माझ्या दिशेने सोडलेले असायचे. समोर कान बंद दिसल्यावर ते तोंडातून निघेनासे झाले. ल्यूग आणि बोस यांनी लाट निघाल्यावर तिला मारायचं गणित मांडलं. लाट निघूच नये, याचा उपाय त्यांच्या पेटंटात नाही.

जोडीला एक अनपेक्षित लाभ झाला. ‘तिला ऐकू येत नाहीये’ या खात्रीवर माणसं माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलायला लागली. सासूबाई एकदा नणंदेला फोनवर सांगत होत्या, “आमटी बाकी झकास करते हो. पण सांगायची सोय नाही, डोक्यावर बसेल.” इतक्या वर्षांत ही आमटी कायम ‘ठीक झालीय’च्या वर गेली नव्हती. मी मान न वळवता कढीपत्ता खुडत राहिले. त्या दिवसाच्या आमटीत खोबरं जरा सढळ पडलं असेल तर तो निव्वळ योगायोग.

पण सासूबाईंना फसवणं एवढं सोपं नाही. आमटी जेवल्यावर त्या माझ्याकडे बराच वेळ बघत होत्या. दुपारी बाकीचे पांगल्यावर जवळ आल्या आणि म्हणाल्या, “मलाही तसलं एक आण. पांढरं नको, मळतं.”

“आणते की आई. पण ते फोनला जोडावं लागतं. तुम्हाला कुठली गाणी घालून देऊ?”

“गाणी कशाला? नुसतं घालायला हवंय. ह्यांच्या संध्याकाळच्या बातम्या असतात ना.”

आता संध्याकाळी टीव्हीवरच्या चौकटींत आठ माणसं एकदम भांडत असतात, सासरे मधूनमधून “काय मूर्ख माणूस आहे, बघितलंस का?” असं विचारतात, आणि शेजारी सासूबाई काळे बड्स घालून, प्रसन्न चेहऱ्याने तांदूळ निवडत बसतात. त्यांचे बड्स डबीतून निघतात आणि डबीत जातात. फोनला ते एकदाही जोडलेले नाहीत. कोणी काय म्हटलं ते त्या मला नंतर स्वयंपाकघरात शब्दशः सांगतात.

तेव्हा घ्यायचे असतील तर एवढंच बघा. खोक्यावर एएनसी असल्याची खात्री करा. डेसिबलांचे आकडे वाचून सोडून द्या, आणि तिन्ही मापांची बोंडं दोन्ही कानांत घालून बघितल्याशिवाय परत करायची मुदत संपू देऊ नका. ट्रान्सपरन्सी मोड असेल तर उत्तम. ‘५० तास चालतात’ असं लिहिलेलं असतं, त्यात डबीचे तास धरलेले असतात आणि एएनसी बंद धरलेला असतो. चालू ठेवलात तर कानातले बड्स एका दमात पाच-सहा तास चालले तरी पुष्कळ. वॉरंटी बहुधा वर्षाची असते. आतली इवलीशी बॅटरी बदलता येण्यासारखी नसते आणि दोन-तीन वर्षांत थकते. याबद्दल लोक फार हळहळतात, पण मला मुदत पुरेशी वाटते. दोन वर्षांत कुठल्याही घरातल्या माणसांना सांडशी कुठे असते ते पाठ होतं. नाही झालं, तर १,७९९ रुपयांत पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू करता येतं.